माटुंगा ते डोंबिवली : ओळख, वशिला आणि पत

डोंबिवली पूर्वेला रिक्षात बसून नुसतं 'घरडा सर्कल' म्हटलं, की रिक्षावाला पुढचं काही न विचारता निघतो. तसंच 'विको नाका' आणि तसंच 'पेंढरकर कॉलेज'. ही तिन्ही नावं आपण दिवसातून चार वेळा घेतो आणि ती माणसांची किंवा कारखान्यांची नावं आहेत हे साफ विसरून जातो. विको म्हणजे पेंढरकरांची कंपनी. केशव विष्णू पेंढरकरांनी ती १९५२ साली परळला सुरू केली, आणि कॉलेजला नाव त्यांचंच आहे. घरडा म्हणजे केकी होर्मसजी घरडा. आधी विद्यार्थी, मग मास्तर आणि मग कारखानदार झालेला एक पारशी रसायनतज्ज्ञ. पेंढरकर कॉलेजातली शेकडो मुलं रोज या नावांवरून जातात आणि त्यातली काही संध्याकाळची लोकल पकडून पवईला नाहीतर लोअर परळला 'स्टार्टअप मीट'ला जातात. का, तर उद्योग करणाऱ्या माणसांच्या ओळखी व्हाव्यात म्हणून!

यात हसण्यासारखं काही नाही. पवईला जायलाच हवं. पण उद्योजकांचा शोध घ्यायला निघालेली मुलं उद्योजकांच्या नावाच्या चौकातून जातात आणि त्या चौकाचा इतिहास त्यांना कुणी सांगत नाही, हे मला फार दिवस खटकत होतं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या शेजारच्या इमारतीत इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी आहे. तिने मध्यंतरी मला विचारलं, "काका, माझ्या बाबांची नोकरी बँकेत, आई शाळेत. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी धंदा केला नाही. मग मी ओळखी आणायच्या कुठून?" प्रश्न अगदी सरळ आहे. पण त्याच्या पोटात आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांची एक जुनी अडचण दडलेली आहे. आपल्याकडे 'ओळख' हा शब्दच जरा बदनाम आहे. ओळख काढायची ती हॉस्पिटलात खाट मिळावी म्हणून, कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून किंवा कुठेतरी चिकटायला मिळावं म्हणून. म्हणजे वशिला. आणि वशिला लावणं वाईट, स्वतःच्या हिमतीवर करावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे धंद्यासाठी कुणाला भेटायचं म्हटलं की आपल्याला उगाच कुणाच्या दारात हात पसरून उभं राहिल्यासारखं वाटतं.

पण बाजारात एक तिसरा शब्द आहे, 'पत'. वशिला दुसऱ्याच्या नावावर चालतो, पत स्वतःच्या वागण्यावर आणि कामावर मिळते. माझं म्हणणं एवढंच आहे, की ठाणे ते कल्याण या पट्ट्यात जे पहिल्या पिढीचे कारखानदार उभे राहिले, त्यातल्या बऱ्याच जणांनी विद्यार्थी असताना जे जमवलं ते ओळखीपेक्षा पतीच्या जवळचं होतं. आणि ती जमवायची जागा होती माटुंगा.

माटुंग्याच्या त्या संस्थेला जुने लोक अजूनही यूडीसीटी म्हणतात. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग. आता ती 'आयसीटी' नावाची अभिमत संस्था आहे, २००८ पासून. सुरुवात १ ऑक्टोबर १९३३ ची. तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांना रंगाई-छपाईची आणि रसायनांची जाण असलेली माणसं हवी होती, आणि रंग सगळे बाहेरून, मुख्यतः जर्मनीहून येत होते. सर विठ्ठल चंदावरकर हे तेव्हाचे कुलगुरू. गिरणी उद्योगाशी त्यांचा जवळचा संबंध होता. म्हणजे ज्याला माणसं हवी होती आणि जो माणसं घडवणार होता, ते दोघे पहिल्या दिवसापासून एकमेकांना ओळखत होते. पहिले दोन अभ्यासक्रमही तसेच होते : कापडाचं रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या आजच्या जागेत आला.

त्या काळात तिथे के. वेंकटरामन होते. रंगांच्या रसायनशास्त्रात जगभर मान असलेला माणूस. कृत्रिम रंगांवरचे त्यांचे ग्रंथ अनेक खंडांत निघाले आणि परदेशातही वापरले गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले बाळ दत्तात्रेय टिळक पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. वेंकटरामन स्वतःही १९५७ मध्ये त्याच प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून गेले होते. १९६४ साली केंब्रिजहून मनमोहन शर्मा परत आले आणि वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले. आपले माशेलकर त्यांचेच विद्यार्थी. गोव्यातल्या माशेलचा, वडील लवकर गेलेला, गिरगावात आईच्या कष्टांवर शिकलेला मुलगा. १९६६ मध्ये यूडीसीटीची पदवी, १९६९ मध्ये शर्मांकडे पीएच.डी. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

शर्मा सरांची एक रीत विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती. ते कारखान्यांना सल्ला देत आणि कारखान्यातले अडलेले प्रश्न प्रयोगशाळेत आणत. म्हणजे एखाद्या मुलाच्या संशोधनाचा विषय हा कुठल्यातरी कारखान्यातल्या रिॲक्टरमध्ये काल-परवा अडलेलाच प्रश्न असू शकायचा. तो मुलगा दोन वर्षं त्या प्रश्नाशी झगडला, की कारखान्यातला माणूस त्याला नावाने नाही तर कामाने ओळखायला लागतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला फ्रेडरिक टर्मन नावाच्या प्राध्यापकाने काहीसं असंच केलं होतं. त्यांचे दोन विद्यार्थी, ह्युलेट आणि पॅकार्ड, यांनी १९३९ मध्ये पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये कंपनी काढली. त्या गॅरेजला आज सिलिकॉन व्हॅलीची जन्मभूमी म्हणतात. माटुंग्यातून शेकडो पहिल्या पिढीचे कारखानदार निघाले, पण आपण कुठल्या गाळ्याला असं म्हटलेलं नाही. असो.

त्या शेकड्यांतली काही नावं तर सगळ्यांना ठाऊक असलेली आहेत. आंध्रातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अंजी रेड्डी इथे औषधी रसायनं शिकला, पुण्याला पीएच.डी. केली आणि १९८४ मध्ये हैदराबादला डॉ. रेड्डीज काढली. त्याच वर्षी इकडे आरती इंडस्ट्रीज सुरू झाली. चंद्रकांत आणि राजेंद्र गोगरी हे दोघेही माटुंग्याचेच. त्यांची कचेरी मुलुंडला आहे, म्हणजे आपल्या ठाण्याच्या एक स्टेशन अलीकडे.

आणि घरडा. १९२९ चा जन्म. यूडीसीटीत शिकले, अमेरिकेत जाऊन पुढचं शिक्षण घेतलं, परत येऊन यूडीसीटीतच शिकवायला लागले. साठच्या दशकात त्यांनी वांद्र्याला अगदी छोट्या प्रमाणावर रंग बनवायला सुरुवात केली. मग डोंबिवलीत कारखाना उभा केला. गव्हातल्या तणावर मारायचं आयसोप्रोट्युरॉन हे परदेशी कंपन्यांच्या हातात असलेलं औषध त्यांनी आपल्या पद्धतीने बनवून दाखवलं. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी ते गेले. सांगायचा मुद्दा असा, की विद्यार्थी, शिक्षक आणि कारखानदार हे एकाच माणसाच्या आयुष्याचे तीन टप्पे होते, आणि तिन्ही टप्प्यांत त्याच्या भोवतीची माणसं बरीचशी तीच होती. ज्यांना शिकवलं तेच पुढे कुणी त्याच धंद्यात, कुणी शेजारच्या कारखान्यात.

इथे एक कायदा आडवा नाही तर मदतीला आला, तो सांगायला हवा. १९७० चा पेटंट कायदा, अंमल १९७२ पासून. औषधं आणि शेतीची रसायनं यांच्या बाबतीत या कायद्याने वस्तूला पेटंट द्यायचं बंद केलं. पेटंट मिळणार ते बनवण्याच्या पद्धतीला. म्हणजे तुम्ही तोच पदार्थ वेगळ्या वाटेने बनवून दाखवलात, तर तुम्हाला मोकळं रान. (२००५ मध्ये हे बदललं.) आता वेगळी वाट शोधायला काय लागतं? डोकं, छोटी प्रयोगशाळा आणि ज्याला अडलं की विचारता येईल असा कुणीतरी. बापाचा पैसा नंतर. या एका कायद्याने रसायनाच्या पदवीधराची किंमत वाढवली. शिवाय १९६७ पासून सरकार काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवू लागलं. सुरुवात ४७ वस्तूंनी झाली आणि ती यादी पुढे आठशेच्या वर गेली. तिचे तोटेही झाले, पण नवख्या माणसाला सुरुवातीला एक कोपरा मिळाला हे खरं.

आता माटुंग्याहून लोकल पकडा आणि खिडकीतून बघत चला. १८५३ साली आगगाडी पहिल्यांदा धावली ती ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. या रुळांच्या कडेने शंभर वर्षांनंतर एक मोठी शाळा भरत होती, असं मला वाटतं. ठाण्याला कोलशेत-बाळकुमच्या बाजूला कलर-केम, सँडोझ, बायर. शहाडला सेंचुरी रेयॉन. मोहन्याला नॅशनल रेयॉन, म्हणजे एनआरसी. कल्याणजवळ इंडियन डायस्टफ. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना तर १९२४ पासूनचा. या मोठ्या कारखान्यांत सुट्टीत ट्रेनिंगला गेलेला पोरगा आधी जिने आणि पाइप मोजत फिरायचा. मग कुठला व्हॉल्व्ह का गळतो हे फोरमनकडून शिकायचा. पुढे तिथेच ज्युनिअर केमिस्ट म्हणून लागायचा. आणि पाच-सात वर्षांनी त्यातल्या एखाद्याला वाटायचं, की हा जो एक टप्पा कंपनी बाहेरून करून घेते तो आपणच का करू नये? मग एमआयडीसीत गाळा किंवा छोटा प्लॉट, एक जुना रिॲक्टर, एक फिल्टर प्रेस, आणि पहिलं गिऱ्हाईक कोण? तर जुनी कंपनीच. जॉबवर्क. स्टार्टअपच्या भाषेत याला आता मोठी मोठी नावं आहेत, तेव्हा 'साहेबांनी काम दिलं' एवढंच म्हणायचे.

साहेबांनी काम का दिलं, हा खरा प्रश्न. ओळख होती म्हणून? ओळख तर कंपनीतल्या पाचशे जणांशी होती. काम दिलं ते या पोराने रात्रपाळीला काय केलं होतं हे साहेबांनी पाहिलेलं होतं म्हणून.

एमआयडीसीची गोष्टही इथलीच. १ ऑगस्ट १९६२ ला महामंडळ स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. त्यानंतर लवकरच डोंबिवली आणि अंबरनाथ. या वसाहतींनी रस्ता, पाणी, वीज दिली हे सगळे सांगतात. पण माझ्या मते त्यांनी शेजार दिला. एकाच रस्त्यावर एक रंगाचा, एक फॅब्रिकेशनचा, एक पॅकिंगच्या ड्रमांचा, एक बॉयलर दुरुस्त करणारा. कच्च्या मालाचा ड्रम संपला तर शेजारून उसना आणायचा. मोटार जळली तर रात्री अकरा वाजता कुणाला उठवायचं हे ठाऊक असायचं. त्यातूनच संघटना आल्या. ठाण्यात 'टिसा', म्हणजे लघुउद्योजकांची संघटना, आणि डोंबिवलीत 'कामा', म्हणजे कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या कारखानदारांची. बाहेरच्याला त्या केवळ तक्रारींची निवेदनं देणाऱ्या संस्था वाटतात. पण शंभर-दोनशे अनुभवी कारखानदार एका छताखाली सापडण्याची दुसरी जागा आपल्या शहरांत मला तरी माहीत नाही.

राहिला पैसा. त्याचाही इतिहास इथल्याच मध्यमवर्गाचा आहे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता सहकारी १९७२ ची, कल्याण जनता सहकारी १९७३ ची. अवघ्या तीन-चार वर्षांत एकाच रेल्वे लाइनीवर तीन बँका! आणि त्या शेठजींनी काढलेल्या नाहीत. नोकरदार, शिक्षक, वकील, छोटे दुकानदार यांनी भागभांडवल गोळा करून काढलेल्या. सहकारी बँकेत कर्ज मागायला गेलं की समोरच्या संचालकाला तुमचं घर, तुमचे वडील आणि तुमची शाळा ठाऊक असण्याची शक्यता जास्त. जामीनदारही बहुधा गल्लीतलाच. 'पत' शब्दाचा अर्थ इथे अगदी शब्दशः घ्यायचा. नोकरदारांच्या डोंबिवलीत धंद्याची परंपरा नाही असं आपण म्हणतो, पण त्याच नोकरदारांच्या ठेवींवर कुणाच्या तरी कारखान्याची मशीनं आली, हा आपला विसरलेला वाटा आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की हा जुन्या काळाचा गोडवा चालू आहे. तसं नाही. या वर्तुळाला कुंपणं होती आणि ती बघितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. पहिलं कुंपण मुलींना. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्रियांनी संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात काम करू नये अशी तरतूद होती. हेतू संरक्षणाचा असेल, पण परिणाम काय झाला बघा. वर म्हटलं ना, साहेबांनी रात्रपाळीचं काम पाहिलं होतं? मुलीचं काम रात्रपाळीला दिसणारच नव्हतं. म्हणजे पत जमवायची जी मुख्य खिडकी, तीच तिच्यासाठी बंद. दुसरं कुंपण जातीचं आणि नात्यागोत्याचं. गल्लीतल्या ओळखीवर कर्ज मिळतं हे छान, पण ज्याची गल्लीच वेगळी त्याचं काय? ज्याच्या घरात जामीन राहायला पगारदार काका नाही त्याचं काय? कागद न बघता माणूस बघून व्यवहार करणाऱ्या जगात न बघितलेला माणूस बाहेरच राहतो. कच्छी, गुजराती, मारवाडी कुटुंबांत उधारीवर माल मिळण्याची जी सोय होती ती मराठी मुलाला नव्हती, हे आपण नेहमी बोलतो. पण आपल्याही वर्तुळाबाहेर कुणी होतं, हे फारसं बोलत नाही.

तिसरी गोष्ट जास्त कडू. कारखानदार एकमेकांना ओळखत होते, पण शहर त्यांना ओळखत नव्हतं आणि त्यांनीही शहराशी ओळख ठेवली नाही. डोंबिवलीकरांना एमआयडीसी माहीत झाली ती वासामुळे, नाल्याच्या रंगामुळे, आणि मग स्फोटांमुळे. मे २०१६ चा प्रोबेसचा स्फोट आणि मे २०२४ चा अमुदान केमिकल्सचा. दोन्ही वेळा माणसं गेली, काचा मैलभर फुटल्या. पतीचं वर्तुळ आतल्या आतच राहिलं की ते एकमेकांना सांभाळून घेतं आणि बाहेरच्यांना उत्तर द्यायचं विसरतं. आज स्टार्टअपच्या जगात 'कम्युनिटी' हा शब्द फार प्रेमाने वापरला जातो. तो वापरताना हा धडा जवळ ठेवावा.

मग नव्या काळाचं काय? तर नवा काळ म्हणतात तितका नवा नाही. पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष, ज्याला ई-सेल म्हणतात, १९९८ मध्ये सुरू झाला. उबवणी केंद्र 'साइन' २००४ मध्ये. तिथल्याच काही विद्यार्थ्यांनी चार पंखांचं, जागच्या जागी उडणारं छोटं यान बनवायचा नाद केला आणि २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. 'थ्री इडियट्स' चित्रपटात २००९ साली जे उडणारं यंत्र दिसलं ते यांचंच. साइनमध्ये ते वाढले, सैन्यदलं आणि पोलीस यांच्या गरजा समजून घेत राहिले, आणि २०२३ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. म्हणजे विद्यार्थी ते शेअर बाजार, सोळा वर्षं. आणि ही कंपनी पवईतून कुठे गेली? महापेला! ठाणे जिल्ह्यात, एमआयडीसीतच. कारण वस्तू बनवायची तर शेजार लागतो. प्रयोगशाळेत एक बनवता येतं, शंभर बनवायला गाळा लागतो.

२०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' आलं, २०१८ मध्ये राज्याचं धोरण आलं. आता बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत 'इनोव्हेशन सेल'चा बोर्ड असतो. स्पर्धा असतात, टी-शर्ट असतात, प्रमाणपत्रं असतात. वाईट काही नाही. पण दोन दिवसांच्या स्पर्धेत तुमचं बोलणं दिसतं, काम दिसत नाही. शंभर जणांशी हात मिळवून घरी आल्यावर त्यातल्या एकालाही तुम्ही रात्री अकरा वाजता फोन करू शकत नसाल, तर ती पत नाही. आणि उलटही खरं आहे. तुम्ही अडचणीत असलेल्या कुणाच्या फोनला रात्री अकराला उठला नसाल, तर तुमचा फोन कुणी का उचलावा?

त्या मुलीला मी जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. विद्यार्थ्याकडे द्यायला काही नसतं, हा समज चूक आहे. त्याच्याकडे एक गोष्ट असते जी पन्नाशीच्या कारखानदाराकडे अजिबात नसते, ती म्हणजे वेळ. डोंबिवलीच्या किंवा वागळे इस्टेटच्या कुठल्याही छोट्या कारखान्यात गेलात तर मालकाच्या डोक्यात तीन-चार प्रश्न वर्षानुवर्षं पडून असतात. विजेचं बिल नक्की कुठल्या मशीनमुळे वाढतं? सांडपाण्याच्या टाकीतलं प्रमाण आधीच कळलं तर किती बरं होईल? जुन्या मशीनचा एक सुटा भाग मिळत नाही, तो करून देईल का कुणी? मालाचा हिशेब अजून वहीत आहे, तो नीट कुणी लावून देईल का? त्यातला एक प्रश्न घ्या आणि तीन महिने त्याच्यामागे लागा. नोकरी मागू नका, गुंतवणूक मागू नका, कार्ड तर अजिबात देऊ नका. नाहीच सुटला तरी का सुटला नाही हे दोन पानांत लिहून द्या. असं लिहून देणारा पोरगा त्या माणसाला आधी कधी भेटलेला नसतो. तो तुमचं नाव दुसऱ्याला सांगेल, आणि सांगताना 'ओळखीचा आहे' म्हणणार नाही, 'काम करतो' म्हणेल.

कुठून सुरुवात करायची? टिसा आणि कामा यांची कार्यालयं रिक्षाच्या अंतरावर आहेत. माधवराव भिडे या रेल्वेतून निवृत्त झालेल्या इंजिनिअरने २००० साली मराठी उद्योजकांना एकत्र आणायला सॅटर्डे क्लब काढला. नोकरदार माणसाने निवृत्तीनंतर धंदेवाल्यांची मोट बांधावी, हीसुद्धा आपल्याकडचीच गोष्ट. कॉलेजातल्या सरांना विचारा, तुमचे जुने विद्यार्थी कुठे गाळा चालवतात? बहुतेक सरांना चार-पाच नावं सांगता येतात, कुणी विचारत नाही एवढंच. आणि मुलींनी तर जरूर विचारावं. ज्या खिडकीतून पूर्वी दिसता येत नव्हतं ती आता बरीच उघडली आहे, आणि जिथे उघडली नसेल तिथे ढकलावी लागेल.

आणि हे लवकर करायला हवं, त्याचं कारण सांगून थांबतो. कोलशेतच्या त्या मोठ्या कारखान्यांच्या जागी आज टॉवर आहेत. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. २०२४ च्या स्फोटानंतर डोंबिवलीतले धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या आणि ते लोकांच्या जिवाच्या दृष्टीने योग्यच आहे. पण कारखाना हलतो किंवा विकला जातो तेव्हा सातबारा आणि मशिनरी यांचीच नोंद होते. चाळीस वर्षं एकच रसायन बनवणाऱ्या माणसाला जे हातातून कळलेलं असतं ते कुठल्याच खरेदीखतात येत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात गाळे काढलेली ती पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत किंवा आयटीत आहेत आणि दुपारी कारखान्यात ते एकटे बसलेले असतात. त्यांना कुणीतरी येऊन 'हे तुम्ही कसं बनवता?' एवढं विचारलं तर ते चहा मागवतात आणि दोन तास बोलतात. काय चुकलं, कुणी बुडवलं, वास बाहेर का गेला, हेसुद्धा सांगतात. अजून दहा वर्षांनी हे विचारायला जायचं म्हटलं, तर त्या पत्त्यावर वॉचमन भेटेल आणि तो सांगेल, गेट नंबर दोन, सँपल फ्लॅट तिकडे आहे.